थरथर, फडफड, चुळबुळ : हलण्याचे शब्द आणि त्यांतले विज्ञान

वेंगुर्ल्याच्या बंदरावर होड्या लागल्या की मासळीचा भाव ठरू लागतो. त्या बोलण्यात एक शब्द हमखास ऐकू येतो : ‘बांगडे फडफडीत आसत.’ नुसते ‘ताजे’ म्हटले असते तरी अर्थ कळला असता. पण ‘ताजे’ हा निष्कर्ष आहे, तर ‘फडफडीत’ या शब्दात तो निष्कर्ष कशावरून काढला तेही सांगितले आहे. जाळ्यातून काढलेला मासा शेपटी आपटत फडफडतो. अजून फडफडत असावा इतका जो ताजा, तो फडफडीत.

या शब्दामागे रसायनशास्त्रही आहे. स्नायू आकुंचन पावायला आणि पुन्हा सैल व्हायलाही एटीपी नावाचे इंधन लागते. मासा मेल्यावर हे इंधन नव्याने तयार होत नाही. साठा संपत आला की स्नायू सैल होऊ शकत नाहीत आणि मासा ताठरतो. पुढे एटीपीचे विघटन होत जाऊन शेवटी इनोसिन आणि हायपोझँथिन ही द्रव्ये साचतात. १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी याच द्रव्यांच्या प्रमाणावरून माशाचा ताजेपणा मोजण्याची रीत सुचवली. आज ती ‘के-मूल्य’ या नावाने ओळखली जाते. प्रयोगशाळा जे इंधन मोजते, ते शिल्लक असल्याची खूण कोळणीने आधीच एका शब्दात पकडली आहे.

हलण्याचे, कापण्याचे, अस्वस्थ किंवा चपळ हालचालीचे असे कितीतरी शब्द मराठीत आहेत. थरथर, लटपट, फडफड, वळवळ, सळसळ, लवलव, भिरभिर, डळमळ, तडफड, तगमग, चुळबुळ, लगबग. विज्ञानाच्या वर्गात मात्र यांतला एकही शब्द सहसा शिरत नाही. तिथे कंपन, दोलन आणि स्पंदन या तीन शब्दांवर काम भागते. आमचे म्हणणे असे की, वर्गाबाहेर राहिलेल्या या शब्दांत बरेच निरीक्षण साठवलेले आहे, आणि विज्ञान शिकवताना त्याचा उपयोग करून घेता येतो.

घरातले शब्द प्रयोगशाळेत

इंग्रजी बोलणाऱ्या अभियंत्यांनी आणि शास्त्रज्ञांनी हेच केले आहे. घाबरलेल्या माणसाच्या अस्वस्थपणाला ते ‘जिटर्स’ म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ठरलेल्या क्षणी यायचा ठोका किंचित आधी किंवा नंतर येऊ लागला, की त्यालाही ‘जिटर’ म्हणतात. थंडीने दात वाजणे म्हणजे ‘चॅटर’. लेथवर धातू कापताना हत्यार दडदडून कामावर लाटा उमटू लागल्या तर तेही ‘चॅटर’च. ‘डिदर’ म्हणजे मुळात थरथरणे. यंत्रातली झडप घर्षणामुळे अडकून राहू नये म्हणून तिला मुद्दाम बारीक थरथरत ठेवतात, त्याला अभियंते ‘डिदर’ म्हणतात. ‘वॉबल’ म्हणजे डगमगणे. १९९५ साली मेयर आणि केलोझ यांनी ‘५१ पेगासी’ या ताऱ्याचे असे डगमगणे मोजले आणि त्यावरून त्याच्याभोवती फिरणारा ग्रह शोधून काढला.

यांपैकी एकही शब्द ग्रीक किंवा लॅटिनमधून नव्याने घडवलेला नाही. स्वयंपाकघरात आणि रस्त्यावर वापरायचे शब्द उचलले आणि त्यांना नेमका अर्थ दिला. त्यामुळे ‘फ्लटर’ म्हटले की शिकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी पंख फडफडतात, गणित मागाहून येते.

शब्दाच्या घडणीतच लय

आता शब्दांच्या रूपाकडे पाहू. इंग्रजीत ‘वॅग’ म्हणजे हलवणे, आणि ‘वॅगल’ म्हणजे पुन्हा पुन्हा हलवणे. ‘स्पार्क’ म्हणजे एक ठिणगी, ‘स्पार्कल’ म्हणजे चमचम. शब्दाला शेवटी ‘ल’ किंवा ‘र’ची शेपटी लागली की क्रिया वारंवार घडते असे सुचते. ‘शिव्हर’, ‘क्विव्हर’, ‘फ्लटर’, ‘वॉबल’, ‘जिगल’ या शब्दांत हीच शेपटी कानाला जाणवते.

मराठीची रीत वेगळी आहे. पुन्हा पुन्हा घडणारी क्रिया दाखवायला मराठी शब्दच पुन्हा उच्चारते. थर-थर, लट-लट, फड-फड, सळ-सळ. व्याकरणाच्या तासाला आपण हे अभ्यस्त शब्द म्हणून शिकवतो. मोल्सवर्थ यांच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७) असे शब्द पानोपानी भेटतात, आणि त्यांतल्या अनेकांपुढे ते अनुकरणवाचक असल्याची खूण आहे.

पण या शब्दांचे दोन गट पडतात, ते सहसा लक्षात येत नाहीत. एका गटात दोन्ही भाग सारखे असतात : थरथर, लटलट, सळसळ, झुळझुळ. दुसऱ्या गटात दुसरा भाग बदलतो : चुळबुळ, लुडबुड, तडफड, धडपड, तगमग, डळमळ, लगबग. पहिल्या गटातले शब्द मोठ्याने म्हणून पाहा. ठेका सारखा राहतो. थंडीने थरथरणारा हात असाच एका लयीत हलतो. दुसऱ्या गटातले शब्द म्हणताना ठेका अडखळतो. चुळबुळणारे मूल एकदा पाय हलवते, मग वही उलटते, मग मागे पाहते. तिथे लय नाहीच.

सहावीच्या विज्ञानात ‘नियतकालिक गती’ आणि ‘यादृच्छिक गती’ असे दोन प्रकार येतात. ठरावीक काळाने जी पुन्हा तशीच घडते ती नियतकालिक. जिची दिशा आणि वेळ ठरलेली नसते ती यादृच्छिक. मराठीचे कान हा भेद शब्द घडवतानाच बऱ्याच प्रमाणात पाळतात. अपवाद आहेत. ‘वळवळ’ या शब्दाचे दोन्ही भाग सारखे, पण गांडुळाची वळवळ काही घड्याळाप्रमाणे चालत नाही. वर्गात नियम सांगण्यापेक्षा मुलांना असे अपवाद शोधायला लावले तर भाषा आणि विज्ञान दोन्हींचा तास रंगेल.

झोक्यापासून गुणगुणीपर्यंत

हलण्याच्या शब्दांची वेगानुसार उतरंड लावता येते. सर्वांत संथ झोका. तीन मीटर लांब दोराच्या झोक्याला एकदा जाऊन परत यायला सुमारे साडेतीन सेकंद लागतात. बंदरात नांगरलेली होडी लाटांवर हेलकावे खाते, तिचेही एकेक हेलकावे मोजता येतात. झोका, हेलकावा, डुलणे हे शब्द लांब स्वरांचे आणि सावकाश म्हणायचे आहेत.

कावळा उडताना सेकंदाला साधारण चार वेळा पंख मारतो. इथे ‘फडफड’ सुरू होते. मोजता येते, पण धांदल उडते. सेकंदाला आठ-दहा वेळा हलणारी वस्तू आपल्याला हललेली दिसते, पण मोजता येत नाही. ही ‘थरथर’. सेकंदाला वीसच्या पुढे गेलो की कान मदतीला येतात, कारण माणसाला साधारण २० हर्ट्झपासून पुढचा आवाज ऐकू येतो. साठाच्या पुढे डोळा हार मानतो. माशीचे पंख सेकंदाला सुमारे २०० वेळा हलतात आणि डासाच्या मादीचे साधारण ४०० ते ६०० वेळा. म्हणून त्यांच्या पंखांना कोणी फडफड म्हणत नाही. माशी घोंगावते आणि डास गुणगुणतो. डोळ्याचा शब्द संपून कानाचा शब्द सुरू होतो, ती सीमा आपल्या इंद्रियांची आहे.

हे वर्गात एका पट्टीने दाखवता येते. सुमारे १ मिलिमीटर जाडीची, ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी घ्या. टेबलाच्या कडेवर एक टोक घट्ट दाबून २८ सेंटिमीटर भाग बाहेर ठेवा आणि टोक हलकेच सोडा. पट्टी सेकंदाला सुमारे दहा वेळा हलेल. मुलांना विचारा, ही काय करते? ‘थरथरते’ असे उत्तर येईल. आता बाहेरचा भाग निम्मा, म्हणजे १४ सेंटिमीटर करा. लांबी निम्मी केली की कंपनांची संख्या चौपट होते, म्हणून ती ४० च्या आसपास जाईल. कडा धूसर दिसेल आणि घरघर ऐकू येईल. ७ सेंटिमीटरला ती १६० च्या पुढे जाते आणि स्वच्छ सूर लागतो. पट्टी तीच, हात तोच, पण शब्द तीनदा बदलला. ‘वारंवारता’ ही संज्ञा फळ्यावर लिहायची वेळ ही.

फडफड आणि झोका यांत फरक काय?

झोका उंच न्यायचा तर नेमक्या वेळी ढकलावे लागते. भलत्या वेळी ढकलले तर झोका थांबतो. याला अनुनाद म्हणतात. होडीच्या शिडाला किंवा ध्वजाला मात्र कोणी ठेक्यात ढकलत नाही. वारा एकसारखा वाहत असतो, तरी कापड फडफडते. कापड जरा वाकले की त्याभोवतीचा वाऱ्याचा प्रवाह बदलतो, बदललेला प्रवाह कापडाला आणखी हलवतो, आणि हलणारे कापडच वाऱ्यातून ऊर्जा ओढून घेत राहते. फडफडीचा ठेका बाहेरून येत नाही, आतच तयार होतो.

हा फरक किती महत्त्वाचा ठरतो ते ७ नोव्हेंबर १९४० रोजी दिसले. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज हा झुलता पूल ताशी साधारण ६५ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटू लागला. सुमारे पाच सेकंदांत एक अशा पिळांनी तो तासभर हलत राहिला आणि कोसळला. अनेक पाठ्यपुस्तकांत हे अनुनादाचे उदाहरण म्हणून दिलेले असते. पण त्या वाऱ्याचे झोत पाच-पाच सेकंदांनी येत नव्हते. पूल ध्वजासारखा फडफडत होता, आणि अभियंते याला ‘फ्लटर’च म्हणतात. विमानाच्या पंखाचा आराखडा करताना असा फ्लटर होणार नाही याची आज कसून तपासणी होते. ‘पुलाला झोका बसला की पूल फडफडला?’ असा प्रश्न विचारला तर अकरावीचा विद्यार्थीही भेद चटकन पकडेल.

हात कापतो, पण केव्हा?

माणसाच्या शरीराच्या बाबतीत तर शब्द नेमका असणे फारच मोलाचे आहे. कापण्याचे प्रकार अनेक आहेत आणि कारणेही वेगवेगळी.

निरोगी माणसाचा हातही सतत थरथरत असतो. हात पुढे ताणून बोटांवर कागद पालथा ठेवा. कागदाची कड हलताना दिसेल. ही सेकंदाला ८ ते १२ वेळा होणारी नैसर्गिक थरथर आहे. हल्लीच्या फोनमध्ये संथगती चित्रण करता येत असेल तर ती मोजताही येते. भीती वाटली की ॲड्रेनलिनमुळे हीच थरथर वाढते. स्टेजवर कविता म्हणणाऱ्या मुलाच्या हातातला कागद म्हणून हलतो. तो भित्रा आहे असे समजू नये. ही थरथर सगळ्यांत असते, त्याची फक्त दिसू लागली आहे.

थंडीने कुडकुडणे हे शरीराचे काम आहे. स्नायू भराभर आकुंचन पावून उष्णता तयार करतात, आणि ती विश्रांतीच्या वेळेपेक्षा तीन ते पाच पट असू शकते. तापातली हुडहुडीही याच यंत्रणेतून येते. मेंदूतले तापमान-नियंत्रण केंद्र आपली पातळी वर सरकवते. मग ३७ अंश सेल्सियसचे शरीरही त्याला थंड वाटते आणि ते स्नायूंना कापायला लावते. अंग गरम लागत असताना माणूस गोधडी मागतो, त्याचे कारण हे. पावसाळ्यात शेतातल्या चिखलपाण्यात काम केलेल्या माणसाला हुडहुडी भरून ताप आला, तर तो मलेरिया किंवा लेप्टोस्पायरोसिसही असू शकतो. कोकणात हे विसरून चालत नाही. अशा वेळी घरगुती काढ्यावर दिवस न काढता रक्ततपासणी करून घ्यावी.

आणि म्हाताऱ्या माणसाचा हात? ‘वय झाले, हात कापायचेच’ असे म्हणून घरोघरी हा विषय संपवला जातो. डॉक्टर मात्र पहिला प्रश्न विचारतात : केव्हा कापतो? चहाचा कप उचलताना किंवा सही करताना कापतो आणि मांडीवर ठेवला की शांत होतो, असा कंप बऱ्याचदा घराण्यातून येतो. त्याला आवश्यक कंप म्हणतात. उलट हात मांडीवर स्वस्थ असताना, बोटांत गोळी वळत असल्यासारखा, सेकंदाला ४ ते ६ वेळा कापतो आणि काही उचलायला गेले की कमी होतो, तेव्हा कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराची शंका येते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून त्याचे वर्णन केले. या आजारात मेंदूतल्या काही पेशी नष्ट होतात आणि डोपामिन कमी पडते. चालणे मंदावणे आणि अक्षर बारीक होत जाणे ही त्याची इतर चिन्हे. प्रत्येक रुग्णाचा हात कापतोच असेही नाही. शिवाय थायरॉइडचा विकार, साखर कमी होणे आणि काही औषधे यांमुळेही हात कापतात.

कोकणात पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा हे द्रव्य असते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्यातून वेगळे केले. पुढे १९६०च्या दशकात हेच द्रव्य कंपवातावरचे मुख्य औषध ठरले. मात्र बियांतले प्रमाण कमीजास्त असते, म्हणून त्या घरच्या घरी खाणे धोक्याचे आहे.

आजोबांचा हात केव्हा कापतो आणि केव्हा थांबतो, हे घरात सर्वांत आधी दिसते ते नातवंडाला. ‘हात हलतो’ एवढेच न सांगता ‘टीव्ही बघत बसले की कापतो, पेला उचलला की थांबतो’ असे ते मूल सांगू शकले, तर निदानाची निम्मी वाट सोपी होते.

हृदयाबद्दलही असेच आहे. हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला सुमारे ३०० वेळा, पण एका लयीत आकुंचन पावू लागले तर त्याला ‘फ्लटर’ म्हणतात. ही फडफड. लय पूर्ण तुटून स्नायूचे तंतू जो तो आपापला हलू लागला तर ते ‘फिब्रिलेशन’. असे हृदय किड्यांनी भरलेल्या पिशवीसारखे दिसते, असे वर्णन डॉक्टर करतात. आपला शब्द तयार आहे : वळवळ. खालच्या कप्प्यांत अशी वळवळ सुरू झाली तर रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही मिनिटांत जीव जातो. छातीवर दाब देणे आणि विजेचा धक्का देणे हे उपाय त्यासाठी असतात.

चुळबुळीचे मोजमाप

शेवटी शिक्षकांच्या रोजच्या ओळखीचा शब्द. १८८५ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी ‘नेचर’ या साप्ताहिकात चुळबुळीच्या मोजमापावर एक टिपण लिहिले. एका कंटाळवाण्या सभेत बसून त्यांनी श्रोत्यांची चुळबुळ मोजली होती. ती माणशी मिनिटाला साधारण एक भरली. भाषण रंगले की ती निम्म्यावर येई. वर्गाचे लक्ष मोजायची याहून स्वस्त रीत सापडणे कठीण!

चुळबुळीला दुसरीही बाजू आहे. १९९९ साली लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जादा खायला दिल्या. कोणाची चरबी जेमतेम ०.३६ किलो वाढली, तर कोणाची ४.२३ किलो. फरक मुख्यतः कशामुळे? व्यायामाव्यतिरिक्तच्या हालचालींमुळे, म्हणजे उठणे, बसणे, पाय हलवणे. ज्यांच्या अशा हालचाली वाढल्या त्यांच्या अंगावर चरबी कमी चढली. चुळबुळणाऱ्या मुलाला ओरडण्यापूर्वी हे आठवायला हरकत नाही.

वर्गासाठी एक काम

मुलांना आठवडाभर हलणाऱ्या वस्तूंची वही ठेवायला सांगा. पानावर चार रकाने आखावेत : काय हलते, घरात त्याला कोणता शब्द आहे, हालचाल लयीत आहे की बेलय, आणि मोजता आली तर सेकंदाला किती वेळा. माडाच्या झावळ्या, ओटीवरचा कंदील, पाण्यावरचा प्रकाश, सरड्याची मान, शिवणयंत्राची सुई, क्षितिजाजवळ लुकलुकणारा तारा, काहीही चालेल. मालवणी शब्द आला तर तो तसाच लिहू द्यावा. एकाच हालचालीला दोन मुलांनी दोन शब्द वापरले तर वाद होऊ द्यावा, कारण आपला शब्द खरा ठरवायला मूल वस्तूकडे पुन्हा एकदा नीट पाहते.

कंपन, वारंवारता, आयाम या संज्ञा हव्यातच. त्यांच्याशिवाय मोजमाप पुढे जात नाही. पण त्या दुसऱ्या पायरीवर आहेत. पहिली पायरी म्हणजे ‘हलते’ म्हणून न थांबता ते थरथरते, फडफडते की डळमळते हे ठरवणे. त्यासाठी लागणारे शब्द मूल घरूनच घेऊन येते.